हार्मोनची गोळी चालू आहे आणि सांधे धरलेत, तर काय करायचं?

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशनचे शेकही संपले. डॉक्टर म्हणाले, "आता फक्त रोज एक गोळी, पाच वर्षं." घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मग दोन-तीन महिन्यांत सकाळी उठल्यावर मूठ मिटेना. पलंगावरून पाय खाली टेकवला की घोट्यात कळ, जमिनीवरून उठताना दोन्ही गुडघे बोलायला लागतात. घरातल्या एकाचं मत पडतं की वय झालं, दुसऱ्याचं की वाताचा त्रास आहे. आणि बाईच्या मनात रात्री एकच भीती असते, कॅन्सर हाडात तर गेला नाही ना?

बहुतेक वेळा हे दुखणं त्या रोजच्या गोळीचंच असतं. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेन घेणाऱ्या जवळपास निम्म्या बायकांना सांध्यांचा काहीतरी त्रास होतो. त्याला उपाय आहेत आणि ते एका क्रमाने करायचे असतात. पण खान्देशात आपलं असं होतं की तपासणीची तारीख तीन किंवा सहा महिन्यांनी, ती नाशिकला नाहीतर मुंबईला. तिथे पोचल्यावर डॉक्टरांनी विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही नही, थोडं दुखस." आणि घरी आल्यावर गोळी एक दिवसाआड सुरू होते, मग आठवड्यातून दोनदा, मग बंद. डॉक्टरांच्या कागदावर मात्र ती चालूच असते. ही गुपचूप बंद झालेली गोळी दुखण्यापेक्षा फार मोठं नुकसान करते, म्हणून हा लेख.

दुखतं कशामुळे?

बायोप्सीच्या रिपोर्टवर ईआर किंवा पीआर (पेशींवरचे हार्मोन रिसेप्टर) पॉझिटिव्ह लिहिलं असेल, तर त्या गाठीला इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनवर वाढायची सवय असते. पाळी गेल्यावर अंडाशय इस्ट्रोजेन बनवायचं थांबवतं, तरी ते पूर्ण संपत नाही. मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीतून येणारे दुसरे हार्मोन चरबी आणि स्नायूंमध्ये इस्ट्रोजेनमध्ये बदलत राहतात. हा बदल अरोमाटेज नावाच्या एन्झाइममुळे होतो. लेट्रोझोल २.५ मिलीग्रॅम, अ‍ॅनास्ट्रोझोल १ मिलीग्रॅम आणि एक्झेमेस्टेन २५ मिलीग्रॅम या तिन्ही गोळ्या त्या एन्झाइमलाच रोखतात. शरीरातलं उरलंसुरलं इस्ट्रोजेन ९० टक्क्यांहून जास्त खाली येतं.

राहिलेल्या पेशींची उपासमार व्हावी, हाच तर गोळीचा हेतू. पण सांध्याची गादी, सांध्याभोवतीचं अस्तर, बोटं हलवणाऱ्या शिरांवरची आवरणं आणि वेदना जाणवण्याची मज्जातंतूंची पातळी या सगळ्यांवर इस्ट्रोजेनचा हात असतो. तो निघाला की आवरणं सुजतात, सांधे आखडतात आणि पूर्वी जाणवत नव्हती ती कळ जाणवू लागते. म्हणून हे दुखणं साधारण दोन्ही बाजूंना सारखं असतं: दोन्ही हातांची बोटं, दोन्ही मनगटं, दोन्ही गुडघे, पावलं. सकाळी आणि बराच वेळ बसून उठल्यावर जास्त, हालचाल केली की कमी. गोळी सुरू झाल्यावर बहुतेकींना पहिल्या दोन-तीन महिन्यांत ते सुरू होतं आणि सहा महिन्यांच्या आसपास सर्वात जास्त असतं.

पाळी नुकतीच गेलेल्या, टॅक्सेन गटातली (पॅक्लिटॅक्सेल, डोसीटॅक्सेल) केमो झालेल्या आणि वजन जास्त असलेल्या बायकांना त्रास जास्त होतो. तरुण बाईला अंडाशय थांबवायचं इंजेक्शन दर २८ दिवसांनी देऊन त्यासोबत ही गोळी दिली असेल, तर तिची पाळी जणू एका रात्रीत जाते. तिशी-चाळिशीतल्या मुलीच्या तोंडून "हात दुखतात" ऐकून "तुझं काय एवढं वय झालंय" असं कोणी म्हणू नये. टॅमॉक्सिफेन २० मिलीग्रॅम या हार्मोनच्याच पण वेगळ्या गटातल्या गोळीनेही सांधे दुखू शकतात, पण या तीन गोळ्यांपेक्षा कमी.

गोळी सोडली तर काय जातं?

जगभरातल्या हजारो रुग्णांच्या एकत्रित अभ्यासांचा हिशेब असा, की ईआर पॉझिटिव्ह कॅन्सरमध्ये पाळी गेलेल्या बाईने अरोमाटेज रोखणारी गोळी पाच वर्षं घेतली, तर दहा वर्षांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू, हार्मोनची कुठलीच गोळी न घेणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतात. म्हणून "सहन होत नाही" हे वाक्य डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं, आधी सांगायचं आणि लाज न बाळगता सांगायचं. गोळी थांबवायचीच असेल तर त्यांना माहीत असताना, ठरवून.

एखादा दिवस गोळी राहिली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर दोन घेऊ नका, नेहमीची एकच. सकाळी घेऊन त्रास वाटत असेल तर रात्री घेऊन बघायला हरकत नाही, फक्त वेळ रोज एकच ठेवा.

आधी वही, मग तपासणी

दोन आठवडे रोज दोन मिनिटं काढा. कुठला सांधा, सकाळी मूठ मिटायला किती मिनिटं लागली, शून्य ते दहा यात दुखणं किती, त्या दिवशी काय काम केलं, दुखण्याची कुठली गोळी घेतली. लिहिता येत नसेल तर नातीला सांगा, मोबाइलमध्ये आवाज भरून ठेवला तरी चालतं. "सगळं अंग दुखतं" यावर डॉक्टरांना फार काही करता येत नाही. "सकाळी चाळीस मिनिटं बोटं वळत नाहीत आणि रात्री अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होऊन जाग येते" म्हटलं की मनगटात नस दबली आहे हे तिथेच कळतं.

सगळं दुखणं गोळीच्या नावावर लिहून टाकणंही चूक. थायरॉइड, ड जीवनसत्त्वाची कमतरता, आमवात, आणि आपल्याकडे पावसाळ्यात येणारा चिकुनगुनिया, यांनीही सांधे धरतात. आधी ताप येऊन मग सांधे सुजले असतील तर ते आवर्जून सांगा. आमवातात सांधा दिसायलाही सुजतो आणि सकाळचा आखडलेपणा तासाहून जास्त टिकतो. टीएसएच, ड जीवनसत्त्व, ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर एवढ्या रक्ताच्या तपासण्या तालुक्याच्या ठिकाणीही होतात.

चालणं हेच पहिलं औषध

दुखतंय म्हणून झोपून राहिलं की सांधे आणखी आखडतात. ऐकायला उलटं वाटतं, पण या दुखण्यावर व्यायामाइतका खात्रीचा पुरावा फार थोड्या उपायांना आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत या गोळ्या घेणाऱ्या १२१ बायकांपैकी निम्म्यांना वर्षभर आठवड्याला १५० मिनिटं चालणं आणि दोनदा ताकदीचे व्यायाम दिले. त्यांचं सर्वात तीव्र दुखणं सुमारे २९ टक्क्यांनी उतरलं. व्यायाम न करणाऱ्यांचं किंचित वाढलं.

१५० मिनिटं म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास. पण पहिल्याच दिवशी अर्धा तास चालायला जाऊ नका. बहुतेकींचं फसतं ते इथेच. उत्साहात तास-दीड तास चालणं होतं, दुसऱ्या दिवशी गुडघे सुजतात आणि "चालणं मला सोसत नाही" असं कायमचं ठरून जातं. पहिला आठवडा सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं. दर आठवड्याला प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटं वाढवा. चालल्यावर दुखणं थोडं वाढून दोन तासांत खाली आलं तर प्रमाण बरोबर. दुसऱ्या सकाळपर्यंत वाढलेलंच राहिलं तर मागच्या आठवड्याच्या मिनिटांवर परत या. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग पुरे.

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचं ऊन चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतं तेव्हा सकाळी सातच्या आत चालून या, नाहीतर घरातल्या घरात ओसरीवर फेऱ्या मारा. बूट बोटांकडे रुंद, टाच धरून ठेवणारा आणि जाड तळव्याचा हवा. घरातसुद्धा शहाबादी फरशीवर अनवाणी फिरू नका, मऊ तळव्याची चप्पल घाला. निव्वळ एवढ्याने टाचेचं आणि पावलाचं दुखणं बऱ्याच जणींचं उतरतं.

ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोनदा, मध्ये एक-दोन दिवस सोडून. खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर घडी घालून आठ ते दहा वेळा उठा-बसा. जमेना तर खुर्चीत उशी घालून उंची वाढवा. भिंतीवर तळहात टेकवून आठ-दहा वेळा भिंतीकडे झुका आणि परत या. ओट्याला धरून टाचा दहा वेळा उचला. अर्धा लिटर पाण्याची बाटली, म्हणजे अर्धा किलो वजन, हातात धरून कोपरातून दहा वेळा वाकवा. प्रत्येकाच्या दोन फेऱ्या. काखेतल्या गाठी (लिम्फ नोड) काढलेल्या असतील तर त्या हाताने रिकाम्या बाटलीपासून सुरुवात करा आणि हळूहळू पाणी वाढवा. हात जड वाटू लागला, बांगडी किंवा अंगठी घट्ट झाली, तर थांबून फिजिओथेरपिस्टला दाखवा.

बोटांसाठी सकाळी उठल्या उठल्या कोमट पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून पाच ते दहा मिनिटं: मूठ हळू मिटा-उघडा, अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावा, मनगट वर-खाली वळवा, प्रत्येक दहा वेळा. मग चहाला लागा. पण पाणी कोमटच. केमोने हातापायांची बोटं बधिर झाली असतील तर चटका कळत नाही आणि फोड आल्यावरच लक्षात येतं. गाठी काढलेल्या बाजूच्या हातावर गरम पिशवी ठेवू नका, त्याने हाताची सूज वाढू शकते. पाणी आधी दुसऱ्या बाजूच्या कोपराने तपासा.

वजनाबद्दल बोललेलं कुणालाच आवडत नाही, तरी सांगायला हवं: एक किलो वजन उतरलं की चालताना गुडघ्यावरचा भार प्रत्येक पावलाला सुमारे चार किलोने कमी होतो. दोन-तीन किलोंनीसुद्धा फरक पडतो. त्यासाठी उपास करू नका, उपासाने स्नायू झडतात. कळण्याची भाकरी, डाळ, ताक, उसळ असू द्या. शेवभाजीवरचा तेलाचा तवंग आणि चहातली साखर कमी करा.

घरातली आणि शेतातली कामं

आपल्याकडची बरीच कामं नेमकी त्याच सांध्यांवर येतात. कापूस वेचताना अंगठा आणि दोन बोटांची चिमटी तासन् तास चालते. शिरांची आवरणं आधीच सुजलेली असतील तर अंगठा वाकतो आणि खटकन अडकून राहतो. अर्ध्या तासाने हात बदला, बोटं ताणून मोकळी करा. झोळी ऑपरेशन न झालेल्या खांद्यावर घ्या आणि भरेपर्यंत वाट न पाहता अर्ध्यावर रिकामी करा. सुक्या बोंडाच्या टोकांनी ओरखडे येतात. गाठी काढलेल्या हाताला तेवढ्यानेही जंतुसंसर्ग होऊन हात लाल होतो आणि फुगतो, म्हणून पातळ सुती हातमोजा घाला.

घरात सर्वात वाईट काम पापड-बिबड्यांचं. उडदाचं घट्ट पीठ कुटणं, तिंबणं आणि दिवसभर लाटणं हे पहिल्या वर्षी सरळ सोडून द्या. सुनेला किंवा शेजारणीला करू द्या, तुम्ही वाळवण सांभाळा. भरितासाठी बडगीत वांगी ठेचायचं कामही घरातल्या पुरुषाला द्यायला हरकत नाही. भाकरी थापताना हात पसरलेला असतो, ते तितकं दुखत नाही. त्रास मळण्यात होतो. गरम पाण्यात पीठ भिजवून दोन-दोन भाकरींपुरतंच मळा. लाटणं, सुरी, झारा यांच्या मुठीवर जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून मूठ जाड करा. जाड मुठीला बोटं कमी आवळावी लागतात. हंडा एकदम उचलण्यापेक्षा अर्धी बादली दोनदा न्या. मांडी घालून किंवा उकिडवं बसून काम करण्याऐवजी उंच स्टूल घ्या. भारतीय पद्धतीच्या संडासात ठेवायची खुर्ची सर्जिकल दुकानात मिळते, ती घ्यायला संकोच नको.

रात्री बोटं बधिर होत असतील तर मनगट सरळ ठेवणारा पट्टा झोपताना चार ते सहा आठवडे बांधा.

दुखण्याच्या गोळ्या: इथे सर्वात जास्त चुका होतात

पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलीग्रॅम, गरजेप्रमाणे, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, दिवसाला चारपेक्षा जास्त नाही. लिव्हरचा त्रास असेल तर विचारूनच. मेडिकलमधून "सांधेदुखीची" म्हणून जी मिळते तिच्यात बरेचदा अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल दोन्ही असतात. तिच्यासोबत वेगळी पॅरासिटामॉल घेतली की मात्रा नकळत वाढते. पाकिटाच्या मागचं वाचून घ्या.

डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, एटोरिकॉक्सिब या गोळ्या थोडे दिवस, जेवणानंतर आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. या पोटात अल्सर करतात, रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, उन्हाळ्यात घाम जातोय, पाणी कमी पडतंय आणि वरून महिनाभर ही गोळी, असं एकत्र आलं की मूत्रपिंड बसू शकतं. एक-दोनच सांधे दुखत असतील तर डायक्लोफिनॅकचं मलम दिवसातून तीन-चार वेळा लावणं पोटाला पुष्कळ सुरक्षित.

आठवडी बाजारात किंवा कुणाच्या सांगण्यावरून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या घेऊ नका. दोन दिवसांत जादूसारखा आराम पडत असेल तर तिच्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याचा दाट संशय घ्यावा. त्याने साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि महिनोन् महिने घेऊन एकदम बंद केलं की माणूस कोसळतो. शतावरीसारखी इस्ट्रोजेनसारखं काम करण्याची शक्यता असलेली औषधं कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर ड्युलॉक्सेटिन लिहून देऊ शकतात. पहिला आठवडा ३० मिलीग्रॅम, मग ६० मिलीग्रॅम, असं २९९ बायकांवर झालेल्या चाचणीत दिलं होतं आणि १२ आठवड्यांत नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा दुखणं जास्त उतरलं. मोबाइलवर नाव शोधलं की "डिप्रेशनचं औषध" असं येतं आणि घरचे घाबरतात. हेच औषध मज्जातंतूंच्या दुखण्यासाठीही वापरतात, तुमच्या मनाला आजार झालाय असा त्याचा अर्थ नाही. सुरुवातीला मळमळ, कोरडं तोंड, बद्धकोष्ठता होते. अचानक बंद करायचं नसतं. तुमची गोळी टॅमॉक्सिफेन असेल तर हे औषध तिच्या कामात अडथळा आणू शकतं, तेव्हा दोन्ही नावं डॉक्टरांसमोर ठेवा.

अ‍ॅक्युपंक्चरचाही फायदा एका मोठ्या चाचणीत दिसला आहे. सुया प्रशिक्षित माणसाकडूनच, नव्या आणि एकदाच वापरायच्या. गाठी काढलेल्या हातात नको. माशाच्या तेलाच्या कॅप्सूलवर पैसे घालण्याआधी हे लक्षात घ्या, की चाचणीत त्यांचा परिणाम नुसत्या तेलाच्या कॅप्सूलइतकाच निघाला.

गोळी बदलता येते

हे फार कमी जणींना सांगितलं जातं. डॉक्टर दोन ते चार आठवडे गोळी थांबवायला सांगतात. त्यात दुखणं उतरलं तर कारण गोळीच होतं हे नक्की होतं. मग त्याच गटातली दुसरी गोळी सुरू करतात. अ‍ॅनास्ट्रोझोल सोसेना म्हणून महिनाभर थांबवून लेट्रोझोल दिलेल्या फ्रान्समधल्या १७९ बायकांपैकी सहा महिन्यांनंतर दहातल्या सुमारे सात जणी लेट्रोझोलवर टिकून होत्या. तिन्ही गोळ्यांचं काम एकच, तरी एकीला जी सोसत नाही तिला दुसरी सोसते. तिन्ही जमल्या नाहीत तर टॅमॉक्सिफेन आहे. तिच्यात रक्ताच्या गुठळ्या आणि गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका पाहावा लागतो, पण काहीच न घेण्यापेक्षा ती कितीतरी चांगली.

हाडांचं वेगळं पाहा

सांधे दुखोत वा न दुखोत, या गोळ्या हाडं विरळ करतात. सुरुवातीलाच डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी) आणि मग साधारण दोन वर्षांनी. कॅल्शियम दिवसाला १००० ते १२०० मिलीग्रॅम, अन्न धरून. पाव लिटर दुधात ३०० च्या आसपास मिळतं. कॅल्शियमची गोळी थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवा. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि तीही ठरावीक आठवडे. रोज घेतली तर विषबाधा होते. हाडांसाठी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं सलाइन लागलं असेल तर नंतरचे दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी होते, ती त्या सलाइनची. त्याआधी दात दाखवून घ्या. हाडांसाठीचंच डेनोसुमॅबचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी असतं, त्याची तारीख चुकवू नका. उशीर झाला तर मणके मोडण्याचा धोका वाढतो.

यासाठी पुढच्या तारखेची वाट पाहू नका

एकाच जागी, एकाच हाडात दुखणं, जे हालचालीने कमी होत नाही, रात्री झोपेतून उठवतं आणि आठवड्यागणिक वाढतं, ते गोळीचं समजू नका. तसंच एकच सांधा लाल, गरम आणि सोबत ताप असेल तरीही. एका पायाची पोटरी सुजून दुखते किंवा दम लागतो, तर गुठळी असू शकते, विशेषतः टॅमॉक्सिफेनवर. पाठ दुखून पायांत ताकद कमी वाटली, मांड्यांमध्ये बधिरपणा आला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायचं. त्या रात्री मुंबईची गाडी पकडायच्या नादात वेळ घालवू नका. जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या तातडीच्या विभागात आधी दाखवा, सोबत ऑपरेशनचा कागद आणि चालू गोळीचं पाकीट न्या.